गार्डसाहेबांच्या आडनावाचा तक्ता

१९५६ च्या नोव्हेंबरात नागपूरचं सचिवालय भोपाळला हललं, तेव्हा फायलींबरोबर आम्हीही आलो. नागपूरची राजधानी गेल्याचं दुःख करायलाही सवड नव्हती. सरकारी क्वार्टर्स बांधून व्हायचे होते. स्टेशनच्या बाजूला एका निवृत्त रेल्वे गार्डाच्या घरामागे दोन खोल्या मिळाल्या, तिथे आम्ही तीन वर्षं काढली.

गार्डसाहेब अँग्लो-इंडियन, विधुर. फाटकावरच्या लाकडी पाटीवर फक्त त्यांचं आडनाव होतं. ते मी इथे लिहीत नाही. इतकं विरळ आहे की माणूस ओळखू येईल. विलायतेत एका खोऱ्यातल्या दोन-तीन खेड्यांतच ते सापडतं, ओढ्याकाठच्या एका शेतावरून पडलेलं, असं ते सांगत. मला पटलं. आमचंही आडनाव असंच, गावावरून आलं आहे. हिंदुस्थानात त्यांचं आडनाव एका सैनिकाबरोबर आलं आणि पुढे रेल्वेच्या नोकऱ्यांबरोबर पसरलं: झाशी, बीना, इटारसी, भुसावळ. त्यांच्या माहितीत अशी अकरा घरं होती. स्वातंत्र्यानंतर त्यांतली सात देश सोडून गेली होती.

त्यांनाही जायचं होतं. एकुलती एक मुलगी नर्स म्हणून विलायतेत गेली होती, तिथेच तिचं लग्न झालं होतं. कायमचं तिच्याकडे राहायला जायचं तर वडिलांकडचा पूर्वज मूळ विलायतेचा असल्याचा पुरावा द्यावा लागेल, असं त्यांना कळलं होतं. कचेरीत मी तक्ते करतो हे त्यांना माहीत होतं. एका रविवारी कागदांनी भरलेली पत्र्याची पेटी घेऊन आले आणि म्हणाले, जरा लावून द्या.

मी दोन महिने लावत होतो. खोऱ्यातला सैनिक झाशीच्या छावणीत पुरलेला होता. थडग्यावर त्याचं नाव आणि गाव होतं. गार्डसाहेबांच्या आजोबांचा बाप्तिस्म्याचा दाखला त्याच छावणीतल्या चर्चचा होता, पण नकलेत बापाचं नाव उतरवलेलं नव्हतं. आजोबांचं मधलं नाव मात्र त्या सैनिकाचंच. मी बापाच्या रकान्यात सैनिकाला बसवलं, शाईने पक्का तक्ता केला आणि खाली ‘तपासून तयार केला’ लिहून सही केली. तक्ता जुळवण्यात मला कधी एवढं समाधान मिळालं नव्हतं.

अर्ज जायच्या आधीच मुलीचं पत्र आलं, मुलगा झाल्याचं. गार्डसाहेब ते दाखवायला थेट आमच्या स्वयंपाकघराच्या दारात आले. हिला म्हणाले, “बहूजी, बच्चे के नाम के बीच में मेरा नाम रखा है.”

हिने साखर दिली. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मुलाच्या नावात मधे आजोबा. म्हणजे त्यांच्यात तिथे बापच असतो असं नाही. जन्मभर मधलं नाव म्हणजे वडील हे मी गृहीत धरलेलं. कुणाला विचारावं असं मनातही आलं नव्हतं.

मी गुपचूप झाशीच्या चर्चला पत्र टाकलं. उत्तर आलं ते असं: बाप अज्ञात. मूल अनाथालयातलं. बाप्तिस्म्याला जो सैनिक धर्मपिता म्हणून उभा राहिला, त्याचंच नाव आणि आडनाव मुलाला दिलं. तक्त्यात सगळी घरं आजोबांपासूनच फुटत होती, म्हणजे अकराच्या अकरा त्या एका पोरक्या मुलाची. खोऱ्याशी रक्ताचा संबंध एकाचाही नाही.

ही म्हणाली, “अहो, त्यांना नातू बघायचाय. तुम्हाला कोण विचारणार आहे?”

“सही माझी आहे,” मी म्हणालो.

पत्र मी पाच दिवस खिशात वागवलं. सहाव्या दिवशी त्यांच्या व्हरांड्यात जाऊन त्यांच्या हातात दिलं आणि माझी चूक सांगितली. त्यांनी दोनदा वाचलं. मग विचारलं, हे आणखी कोणी पाहिलं आहे? मी म्हणालो, आम्हा दोघांशिवाय कोणी नाही.

मग ते म्हणाले, “बाबूजी, आप लोगों के नाम में तो बाप बैठा रहता है. मेरे दादा के पास वो भी नहीं था.”

मला वाटलं, आता म्हणतील, राहू द्या तसंच. आणि खरं सांगतो, ते तसं म्हणाले असते तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. त्यांनी माझ्या खिशातली लाल पेन्सिल मागून घेतली, तक्त्यातल्या वरच्या दोन ओळी, खोऱ्यातलं गाव आणि सैनिक, पट्टी न लावता खोडल्या आणि पुन्हा सही करायला कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही केली.

अर्जाला नकार चार महिन्यांनी आला. साडेतीन ओळींचा होता.

पुढे आम्हाला क्वार्टर मिळाला. निघताना त्यांनी हिच्याजवळ नातवाचा फोटो दाखवायला दिला आणि परत मागून घेतला. माझ्याशी ते नीट वागले, नेहमीसारखे. पण व्हरांड्यातल्या त्या दिवसानंतर कसलाही कागद त्यांनी माझ्याकडे आणला नाही. पेन्शनचा फॉर्मसुद्धा कचेरीतल्या दुसऱ्या एका कारकुनाकडून भरून घेतल्याचं मला नंतर कळलं.

गार्डसाहेबांचं सोडून उरलेली तीन घरंही गेली. त्या लोकांनी पुराव्याला काय जोडलं, मी विचारलं नाही. आता त्या आडनावाचं इथे एकच घर आहे. महिन्यातून एकदा त्या बाजूला काम निघतं, तेव्हा फाटकावरची पाटी दिसते. मी आत जात नाही.