लंकाबाईंची फेरी

बेलापुरात चाक डुगडुगायला लागलं की माणूस लंकाबाईंचं दुकान गाठतो. बावीस वर्षं त्या चाकांचा आऊट काढतायत, म्हणजे एकेक स्पोक कसून, सैल करून रिम सरळ फिरवतात. हात कसबी, स्वभाव महाहट्टी. ज्यावर आपण बसणार नाही ते चाक गिऱ्हाइकाला द्यायचं नाही, हा नवऱ्याने, बन्सीने घालून दिलेला नियम. तो गेला, नियम राहिला. चाक बसवलं की आधी लंकाबाईंची फेरी, मग गाडी मालकाला. मालक फौजदार का असेना.

सुप्याचा इंजिनिअर धवल तिथंच अडकला. त्याची शर्यतीची मोटरसायकल इंग्लंडातल्या एका चिमुकल्या कारखान्याची, जुन्या धाटणीची. सहा माणसं मिळून वर्षाला जेमतेम दहा गाड्या बनवतात. रविवारी धवलची पहिली शर्यत, आणि शुक्रवारी लंकाबाई पुढचं चाक बसवून हात पुसत उभ्या.

"मावशी, हिला एकच सीट आहे."

"मंग एकटीच जाते."

गाडी पडली तर शर्यत गेलीच. समजूत घालायला धवल म्हणाला, "ही साधी गाडी नाही हो. कारखान्याचा मालक स्वतः चालवून बघितल्याशिवाय एकसुद्धा बाहेर सोडत नाही."

"शहाना मानूस हाय," लंकाबाई म्हणाल्या. "सरका."

त्यांनी कासोटा खोचला, धवलचं हेल्मेट चढवलं. गाडीचे गिअर उजव्या पायाशी, त्यात धवल अजून गडबडायचा. लंकाबाई मात्र बन्सीच्या तसल्याच जुन्या बुलेटवर शिकलेल्या. शुगर फॅक्टरीच्या मोकळ्या रस्त्याला गाडी सुसाट गेली. आवाज दूर गेला, मग ऐकूच येईना. धवलने देव पाण्यात ठेवले.

दहा मिनिटांनी त्या परतल्या. "येग घेतला की हँडल बारीक थरथरतंय. एका स्पोकला अर्धा आटा पायजे."

"अर्ध्या आट्याने काय होतंय, मावशी? चालेल मला."

"तुमाला चालंल. मला न्हाई चालत."

त्यांनी स्पोक अर्धा आटा पिळला. चाकाला पुन्हा हात लागला म्हणजे पुन्हा फेरी आलीच. या खेपेला हेल्मेट धवलनेच पुढे केलं.

रविवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. "शेवटून तिसरा आलो, मावशी. पण गाडी इतकी पळवली, चाक जरासुद्धा हललं नाही."

लंकाबाईंना मनापासून बरं वाटलं. "ते मला काय सांगता?" त्या म्हणाल्या. "मी बसले हुते की त्याच्यावर."