मेथीची पोरगी

पहिल्या बाळंतपणाला मी शेवगावला माहेरी होते. आई रोज सकाळी मेथीचा लाडू पुढ्यात ठेवायची आणि तो संपेपर्यंत जागची हलायची नाही. थोड्याच दिवसांत माझ्या घामाला मेथीचा वास यायला लागला. साबण बदलला, गाऊन पुन्हा पुन्हा धुतला, तरी वास तोच. मी चिडले, तशी आई म्हणाली, "खाल्लंय तेच अंगातून येतंय. पोरीची टाळू हुंगून बघ."

हुंगली आणि चाटच पडले. तिलाही मेथी! मी खाल्लेला लाडू दुधातून थेट तिच्यापर्यंत पोचला होता. मला इतका आनंद झाला, की दारात येईल त्याला मी पोरगी हुंगायला देत सुटले. नवऱ्याला मोबाईलवर तिचा चेहरा दिसायचा, पण वास काही पोचेना, याचा मला खरोखर राग आला.

मग कोल्हारहून सासूबाई राहायला आल्या. पोरीला मांडीवर घेऊन त्यांनी टाळू हुंगली आणि नाक मुरडलं. "लई कडू वास हाय. आता आमचे लाडू खा." पिशवीतून डबा निघाला. त्यातही मेथीचेच लाडू होते.

मी ते मुकाट्याने खाल्ले. मला वासात काडीचा फरक कळेना. निघायच्या दिवशी सासूबाईंनी पुन्हा टाळू हुंगली आणि डोळे मिटले. "आता कशी आमच्या घरची वाटती."

त्या गेल्याबरोबर आईने पोरीला उचललं, खोल हुंगलं आणि मला म्हणाली, "बघ, आपलाच वास हाय."