'हाव' म्हणा, मग पुढं

आमचे टाइमटेबल सर फळ्यावर काही लिहिलं की वळून विचारायचे, "समजलं काय?" आणि थांबायचे. खरंच थांबायचे. कोणी "हाव सर" म्हणेपर्यंत खडू हातात तसाच. मी शेवटच्या बाकावरून तीन-चार आवाजांत "हाव सर" म्हणायचो, त्यात एक मुलीचा. गाडी पुढं सरकायची.

एकदा मधल्या सुट्टीत मी त्यांचीच नक्कल करत होतो आणि सर मागं उभे. सर म्हणाले, "बाकी जमलं बे. पण मी विचारल्यावर थांबतो. तू थांबूनच नाही राह्यला."

टाइमटेबल नाव पडलं, कारण मलकापूरच्या आमच्या शाळेचं वेळापत्रक त्यांनी सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम काढायचा. एकच मास्तर एका वेळी दोन वर्गांत कधी सापडला नाही. मूळ कोड जुन्या कॉम्प्युटरसोबत गेला, उरली कंपाईल केलेली फाईल. चालते, पण बदलता येत नाही. सर म्हणायचे, "हे लोणचं हाय. खाता येते, त्याची परत कैरी नाही होत."

पुढं मी कॉम्प्युटर शिकून आलो, तर शाळेची वेबसाइट माझ्याच गळ्यात. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, "सोमवारपर्यंत सरांचं वेळापत्रक साइटवर दिसलं तर ठीक. नाहीतर तयार सॉफ्टवेअर आणू." सर त्याच वर्षी रिटायर होणार होते. मला एवढंच म्हणाले, "त्याले हात नको लावू. नुसती हाक मार, तो काम करते."

मारली हाक. साइट ज्या कॉम्प्युटरवरून चालते त्या सर्व्हरवरच्या पीएचपी स्क्रिप्टमधून, एका ओळीत प्रोग्राम चालू करायचा हुकूम. पान नुसतं गरगर फिरत बसलं. शनिवार गेला. फाईलचा पत्ता तपासला, परवानग्या तपासल्या, सगळं बरोबर. रविवारी दुपारी सरांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर प्रोग्राम हातानं चालवला. वेळापत्रक झालं, आणि काळ्या पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरांत ओळ आली: समजलं काय?

"सर, हे काय?"

"काऊन? इचारा लागते ना. उत्तर आल्याबिगर उठून जायचं काय त्यानं?"

सर्व्हरवर उत्तर द्यायला कोणी बसलेलंच नव्हतं. बिचारा दोन दिवस थांबून होता.

मग मी हाक मारतानाच स्क्रिप्टच्या हातून उत्तरही पाठवलं: हाव सर. पान उघडलं. दहाही वर्ग, सगळे तास. सर चष्मा पुसून बघत राहिले.

"कोनाच्या आवाजात म्हटलं बे?"

"माझ्याच, सर."

मागच्या हिवाळ्यात सर गेले. यंदा जूनमध्येही वेळापत्रक त्याच फाईलनं काढलं.

ते गेले तेव्हा शाळेतल्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं होतं. भाषण काही सुचेना, म्हणून सरांच्या आवाजात म्हटलं, "समजलं काय?" आणि थांबलो. या वेळी नीट थांबलो. मग पहिल्या रांगेतून मुख्याध्यापक बाई हळूच म्हणाल्या, "हाव सर."

तेव्हा कुठं मला पुढं बोलता आलं.