पाच तुकड्यांची शेकोटी

"पयलं उचलून बग."

कुठलीही वस्तू समोर आली की बाई हेच म्हणायची. नवी खुर्ची, पाण्याचा जार, वाढदिवसाचा केक, कोणाचं बाळ. दोन्ही हात खाली घालून उचलायची, जरा तोलायची, खाली ठेवायची आणि मगच त्याबद्दल बोलायची. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच. त्याची खोड आपल्याला हास्यास्पद वाटते, बाकी सगळ्यांना मात्र तिचं कोण कौतुक, आणि ते कौतुक बघून आपल्या पोटात दुखायला लागतं. माझ्या दुखायचं. अजून पुरतं थांबलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आमचा कारखाना पनवेलबाहेर, तळोज्याच्या अंगाला. आम्ही विजेच्या शेकोट्या बनवतो. हसा खुशाल. जिथे डिसेंबरातही पंखा लागतो तिथे फायरप्लेस बनवतो म्हटलं की रिक्षावालासुद्धा मागे वळून बघतो. पण गिऱ्हाईक आहे. फार्महाऊसवाले, थंड हवेच्या ठिकाणची हॉटेलं, नव्या टॉवरमधली हौशी मंडळी. ऊब कोणालाच नको असते, भिंतीत आग दिसली म्हणजे झालं.

ती आग माझी. फिरता दांडा, त्यावर चकाकत्या पत्र्याच्या पट्ट्या, खाली दिवे, पुढे काच. ज्वाळा कशी उठते आणि कशी मोडते ते बघायला मी होळीपुढे लोकांची थट्टा सोसत ताटकळलोय. आणि त्या ज्वाळेभोवतीची चौकटही माझीच. अख्खी, एकसंध, दगडासारखी दिसणारी, वर नक्षी. कारखान्यात आलेला प्रत्येक जण आधी तिच्यापुढे थांबायचा.

मग ही आली. विचुंब्याच्या मोठ्या घरातली थोरली सून, दारात भलीमोठी गाडी, नोकरीची काडीची गरज नाही. डिप्लोमा माझाच, वय माझंच. आधी फर्निचर परदेशी पाठवणाऱ्या कंपनीत डिझाइन करायची. आठवड्याभरात ती सगळ्यांची वैनी झाली. मी एकटाच तिला हट्टाने मॅडम म्हणायचो, आणि ती मला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे.

पहिल्याच दिवशी माझ्या चौकटीपाशी गेली, खाली हात घातले आणि जोर लावला. चौकट तसूभर हलली नाही.

"देखनी हाय रे," ती म्हणाली. "पन ही लोकांच्या घरी जानार कशी?"

"चार माणसं लागतात."

"आनि लिफ्टमदी?"

"ते बसवणाऱ्यांनी बघायचं, मॅडम."

ती हसली असती तर परवडलं असतं. तिने नुसती मान हलवली आणि पुढच्या टेबलावरचा स्टेपलर उचलून बघितला.

त्यानंतर महिनाभरातच नवीन पनवेलच्या एका टॉवरमध्ये माझी चौकट लिफ्टच्या दारात अडकली. चौघांनी ती जिन्याने चढवली, वळणावर कोपरा आपटला आणि नक्षीचा टवका उडाला. गिऱ्हाइकाने दारातूनच परत पाठवली. शेठ त्या टवक्याकडे बराच वेळ बघत राहिले. तेवढ्यात परदेशातल्या एका व्यापाऱ्याची विचारणा आली, थंड देशातली, पटलं तर कंटेनर भरभरून माल जाणार होता. शेठनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, दोघंही सॅम्पल करा. ज्याचं पास होईल त्याची लाइन चालू, दुसरी बंद.

म्हणजे माझी चौकट बंद पडली की मी त्या कारखान्यात नुसता दिवे लावणारा उरणार होतो. एवढी वर्षं झिजून हे.

गणपती आले. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तिने सगळ्या स्टाफला घरी बोलावलं, मखर उभारतात ते बघायला. भक्तिभावाने गेलो असं सांगणार नाही. तिच्या डोक्यात काय शिजतंय ते हुंगायला गेलो.

तिचा नवरा आणि त्याचे तीन भाऊ. सासऱ्यांनी वाटण्या करताना जमीन वाटली, भांडी वाटली आणि मखरही वाटलं. बैठक थोरल्याकडे, दोन खांब दोघांकडे, वरची कमान धाकट्याकडे. त्या दिवशी एकेक भाऊ आपापला तुकडा घेऊन येत होता. जमिनीवरून त्यांचं कोर्टात चाललेलं होतं, एकमेकांकडे बघतही नव्हते. पण खाचेत खुंटी बसत गेली, ना खिळा ना स्क्रू, आणि चहा येईपर्यंत मखर उभं.

मी विचारलं, "आणि एखादा आलाच नाही तर?"

"तर गनपती उगडा बसंल," ती म्हणाली. "म्हनून तर येतात. भांडतात, पन येतात." मग खांबाकडे बोट दाखवून, "उचलून बग. म्हातारं मानूस पन एकटं आनतं."

मी उचलला नाही. घरी येऊन बायकोला म्हटलं, "मेलो. तिला सुचलंय." आणि मोदक न खाता झोपलो.

तिला सुचलंच होतं. तिची शेकोटी पाच तुकड्यांची झाली. तळाची बैठक, दोन बाजू, वरची फळी, आणि मधे माझी ज्वाळा घातलेला, तिने बनवलेला लाकडी खोका. प्रत्येक तुकडा एकट्याला उचलता येईल असा, प्रत्येकाचं चपटं खोकं, एकावर एक रचलेली. खाचेत खुंटी, तशीच. सगळ्यात शेवटी ज्वाळा समोरून आत सरकवायची की टक करून बसते. सॅम्पलच्या दिवशी तिने ती शेठसमोर एकटीने उभी केली, पदर खोचून, बडबड करत. पोरं टाळ्या वाजवायला लागली.

आणि तेव्हाच मला दिसलं. गरम हवा बाहेर यायची फट वरच्या फळीने झाकून टाकली होती. आमच्याकडे हीटर कोणी लावून बघतच नाही, शोरूममध्ये घामाच्या धारा लागतात. बाई शेकोटीची ऊबच विसरली होती. मी थांबतोय कशाला. सगळ्यांसमोर म्हणालो, "मॅडम, शेकोटी छान. पण शेकायचं कुठे?"

तिने वाकून बघितलं, आणि सगळ्यांत मोठ्याने तीच हसली. "अगो बाय, विसरलेच की! आमच्यात शेकतंय कोन?" मग शेठकडे वळून म्हणाली, "ह्यानं धरलं म्हनून. नायतर तिकडं गोरी मान्सं काकडली असती." फळी दोन बोटं पुढे घेतली, झालं. माझ्या बाणानेच तिची शेकोटी पुरी झाली. शेठ माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "असं टीमवर्क पाहिजे." ती थाप मला अजून झोंबते.

सॅम्पल पास झालं. तिचं. बंदराजवळ, द्रोणागिरीच्या गोदामात चपट्या खोक्यांच्या थप्प्या लागल्या आणि माझी लाइन बंद झाली. मधली आग माझी, पण गोदामापासून शोरूमपर्यंत सगळे म्हणणार, "वैनीचं मॉडेल." माल चढवणाऱ्यांच्या कमरा वाचल्या म्हणून ते तिला दुवा देत. माझी बायको एकदा शोरूममध्ये आली, तिने एक बाजू सहज एका हाताने उचलली आणि म्हणाली, "किती सोप्पं केलंय हो." सख्खी बायको.

पुढे ते पहिलं सॅम्पल भंगारात निघालं. ही धावत खाली गेली. चौकटीचे चारही तुकडे स्वतःच्या गाडीत घातले आणि ज्वाळेचा खोका माझ्या टेबलाशी आणून ठेवला.

"हे तुज्याकडं."

"मी काय करू याचं?"

"ठेव. एकेक तुकडा एकेकाकडं असला का यावं लागतं. गनपतीला घेऊन ये."

मी तो खोका टेम्पोवाल्याकरवी घरी पाठवला आणि त्याच्याकडूनच माळ्यावर टाकून घेतला. दर गणपतीला तिचा फोन यायचा. दर गणपतीला मला काहीतरी काम निघायचं. तिच्या दिवाणखान्यात तिची चौकट आणि तिच्यात मी नेऊन बसवलेली माझी आग, पंचवीस नातेवाईक वाहवा करतायत, हे मला बघायचं नव्हतं. बस.

मग ती गेली. आजार कळला आणि पावसाळा संपायच्या आत सगळं संपलं. स्मशानात उभं राहायला जागा नव्हती. सगळे दीर, आगरी पाड्यातली माणसं, गोदामातले हमाल, शेठ, बाजारातले मुसलमान व्यापारी. शेठना मी पहिल्यांदा रडताना पाहिलं. आणि खरं सांगतो, डोळे पुसता पुसता माझ्या मनात आलं, माझ्या वेळी यातले निम्मे तरी येतील का. तिथेही तिने मला मागे टाकलं.

वर्ष सरलं. या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी फोन वाजला नाही. सकाळपासून मी फोनकडे बघत होतो. शेवटी स्टूल घेतलं आणि माळ्यावर हात घातला. म्हटलं, जड असणार, शेजाऱ्याला हाक मारावी. तर दोन्ही बाजूंना, बरोबर बोटं जातील तिथे, खाचा होत्या. आत लाकूड गुळगुळीत घासलेलं. इतकी वर्षं घरात असून मला त्या माहीत नव्हत्या, कारण तो खोका मी कधी उचललाच नव्हता.

रिक्षाने विचुंब्याला गेलो. भाऊ आपापले तुकडे घेऊन जमत होते. दिवाणखान्याच्या भिंतीला तिची चौकट उभी होती, पुसलेली, मधे नुसतं भोक. तिचा मुलगा म्हणाला, "काका, तिथं आई काहीच ठेवू द्यायची नाय. टीव्ही ठेवतो म्हटलं तरी ओरडायची. म्हनायची, ती जागा त्याची हाय, तो येनार हाय."

मी गुडघ्यावर बसलो आणि खोका आत सरकवला. टक झालं. कुठे धक्का नाही, कुठे फट नाही. मुलाने बटण दाबलं आणि ज्वाळा उठली, माझी, अजून तशीच. बायका बघायला गोळा झाल्या. कोणीतरी पंखा वाढवला.

तिचा नवरा पाण्याचा तांब्या घेऊन आला. "एकटेच घेऊन आलात? जड नाय झालं?"

"नाही," मी म्हणालो. "हलकं आहे." आणि मला तिचा भयंकर राग आला.