चोवीस की वीस

बाबा गेले त्याच्या सतराव्या दिवशी मी हैदराबादच्या कोठी बाजारात लेन्स बघायला गेले. भाऊ आदल्या दिवशी पुण्याला परतला होता. माझी एलटीसीची रजा आधीच मंजूर झाली होती, तिकिटं काढलेली होती आणि ते सगळं रद्द करायचा मला कंटाळा आला. जायचं तर लेन्स हवी, एवढाच विचार होता. दुःख विसरायला वगैरे नव्हे. दुःख होतं की नाही, हेही मला नीट सांगता आलं नसतं.

सहल खरं तर बाबांची. मराठी शाळेत तीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला. कच्छचं रण दरवर्षी फळ्यावर काढलं, पाहिलं कधीच नाही. "नकाशात तिथं नुसते ठिपके असतात, माय," ते म्हणायचे. "ठिपक्यांत काय असतं ते बघून येऊ." माझ्या कॅमेऱ्यावर नेहमीची पन्नास मिलिमीटरची लेन्स होती. एवढी अफाट जागा तिच्यात मावणार नाही, वाइड अँगल लागेल, हे आमचं ठरलेलं होतं. कोणती, ते ठरायचं राहिलं होतं.

काही वर्षांपूर्वीपर्यंत अशी लेन्स म्हणजे कुणीतरी आखातातून कपड्यांत गुंडाळून आणायची. आता ती कोठीच्या दुकानात काचेखाली पेटीसकट, पावतीसकट मांडलेली असे.

दुकानदार ओळखीचा. माझे सगळे रोल तोच धुऊन द्यायचा. "वालिद साब नै आये?" त्याने विचारलं.

"गुजर गये," मी म्हटलं.

त्याचा हात काचेवर तसाच राहिला. "अल्ला सबर दे, मॅडम."

"वाइड अँगल दाखवा," मी म्हटलं.

त्याने दोन काढल्या, चोवीसची आणि वीसची. मी दारात उभी राहून दोन्हींतून रस्ता पाहिला. चोवीसमधून समोरची पुस्तकांची दुकानं दिसली, माणसं दिसली. वीसमधून ती सगळी मागे सरली आणि दोन्ही बाजूंची शटरं, खाली माझ्या चपलांची टोकंसुद्धा आत आली.

"बीस नक्को लेव," तो म्हणाला. "बीस में पहाड भी कंकर दिखता. सामने कुछ रखना पडता. पत्थर, झाड, आदमी. नै तो फोटू खाली."

"रण है. वहाँ सामने कुछ नै रहता."

"फिर तो चोवीसच लेलो." मराठी गिऱ्हाइकांशी बोलताना तो मधूनच एखादा आकडा मराठीत सांगायचा. त्याने दोन्ही लेन्स माझ्यासमोर सरकवल्या. "दो दिन रखो. रोल डालके देखो. आप कहाँ भागते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मलकपेठला रेसकोर्सच्या कडेला उभी राहिले. शहरात एवढं मोकळं मैदान मला दुसरं सुचलं नाही. प्रत्येक जागेवरून एक फोटो चोवीसने, एक वीसने. वहीत क्रमांक लिहीत होते. कॅमेरा जरा वर झाला की वीसमध्ये कडेचे खांब आत झुकायचे. घोडे फिरवायला आणले होते, ते उंदरांएवढे दिसत होते. मला त्याचं काही वाटलं नाही. मी लिहीत होते.

अंबरपेठेत घरी आले तेव्हा रोलमध्ये सहा फोटो उरले होते. ते संपवायचे म्हणून मी बाबांच्या खोलीचं दार उघडलं. भावाने फरशी पुसून दार ओढून घेतलं होतं, त्यानंतर मी आत गेले नव्हते. आताही गेले नाही. उंबऱ्यावर स्टूल ठेवलं, त्यावर कॅमेरा. चोवीसने एक फोटो काढला, पण तिच्यातून खाटेचा पायथा तुटत होता. मागे सरकायला गेले तर पाठ बोळाच्या भिंतीला लागली. मग वीस लावली.

दोन दिवसांनी दुकानदाराने सगळे फोटो काउंटरवर पसरले. रेसकोर्सचे चोवीसचे फोटो सरळसरळ चांगले होते. तो तसं म्हणाला आणि मीही मान हलवली. मग खोलीचे आले.

"ये कमरा कित्ता बडा है?"

"दस बाय नौ."

"हॉल दिखता."

मी बघत होते. खाट, गुंडाळलेली गादी. टेबलावर पृथ्वीचा गोल. खिडकीत औषधाच्या बाटल्या. खिळ्याला काठी, खाटेखाली चपला, एक सरळ आणि एक आडवी. चोवीसच्या फोटोत काठी नव्हती आणि चपलाही नव्हत्या.

"वीसची द्या," मी म्हटलं. मराठीतच.

त्याने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वाद घातला नाही. लेन्स बांधता बांधता एवढंच म्हणाला, "इसपे पोलरायझर फिल्टर मत लगाव. आसमान आधा काला आता."

इथे मी रडले असं लिहायला बरं वाटलं असतं. मी समोरच्या बेकरीतून पाव घेतला आणि बस पकडली.

भुजहून जीपने रणात पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. खाली पांढरं, वर निळं, मध्ये एक रेघ. छत्तीस फोटो काढले. पुढे धुऊन आल्यावर त्यातले पस्तीस एकसारखे निघाले; दुकानदार बरोबर बोलला होता. पण त्या वेळी मी काढत राहिले. जमिनीवरच्या मिठाच्या भेगा जवळून घ्याव्यात म्हणून चपला काढून पुढे गेले, गुडघ्यांवर बसले, परत उठले. टाचा माझ्या हिवाळ्यात नेहमीच उलतात. जीपपर्यंत येताना पाय टेकवेना.

ड्रायव्हरने बघितलं. "नमक गया, बहेन. बैठो."

त्याने पाण्याचा कॅन उचलला आणि माझ्या पायांवर ओतायला लागला. पाण्याने आणखीच झोंबलं.

"बहुत जलता है?"

"हो," मी म्हटलं. त्याला मराठी कळत नव्हतं. "हो. खूप."

मी जीपच्या पायरीला घट्ट धरून बसले होते. माझा आवाज मला जरा मोठा वाटला. तो काही न विचारता कॅन रिकामा होईपर्यंत पाणी ओतत राहिला.