चिंचेने घासलेलं नाव

रत्नपाल, तू गेलास त्याला पावसाळा उलटला. त्या पितळी नळकांड्यांचं काय करायचं, ते कुणालाच सांगितलं नाहीस. तुझी सून मैत्री मला विचारते. म्हणून तिच्यासाठी हे लिहिते आहे. मध्ये बोलू नकोस.

रत्नपाल अलिबागला कॉलेजात माझ्या वर्गात होता. पुढे एसटीत वाहतूक नियंत्रक झाला आणि सुट्टी मिळाली की दिघीपासून अलिबागपर्यंतची भंगारची दुकानं पालथी घालायचा. त्याला हवी असत ती लढाईतल्या तोफगोळ्यांची रिकामी पितळी नळकांडी. आधी बूड उलटं करायचं. बार पेटवणाऱ्या मधल्या टोपीवर ठोक्याची खूण दिसली की बार उडालेला. मग भोवती ठोकलेलं साल वाचायचं. टोकासकट अखंड गोळा कुठे दिसला, तर हात न लावता पोलिसांना बोलवायचा.

हे खूळ घरातूनच आलं. त्याचे आजोबा बुधाजी पहिल्या महायुद्धात मजूर पलटणीतून इराकात बसऱ्याला गेले, ते परतले नाहीत. तिथे त्यांनी दोन नळकांड्यांवर वेलबुट्टी ठोकून फुलदाण्या केल्या, खाली स्वतःचं नाव कोरलं. एक बायकोला, जनीला, पाठवली. ती घेऊन आलेले खलाशी म्हणजे माझे आजोबा हमदुल्ला. दुसरी त्यांना दिलेली. जनीआजीने नवऱ्याची म्हणून ती फुलदाणी जन्मभर चिंच आणि राखेने घासली. इतकी, की नातू वाचायला शिकला तोवर नाव गुळगुळीत झालेलं. बुधाजींच्या हातचं दुसरं काही घरात नव्हतं.

आमची फुलदाणी आगरदांड्याच्या जुन्या घरी माळ्यावर आहे. कुणी घासली नाही, त्यामुळे काळीठिक्कर. मी त्याला म्हटलं, दिघीहून फेरीबोटीने खाडी ओलांडायची, एवढंच तर आहे. तो म्हणे, तुमची ईद होऊ दे. मग म्हणे, वारा पडू दे. मी वैतागले.

"भितोस कशाला?"

"तिच्यावरही नाव नसलं तर, गुलबानू? मग शोधायचं काय?"

"आणि असलं तर?"

"तर तू शेजारी हवीस." एवढं बोलून चहा गार झाला म्हणून कुरकुरत बसला.

परवा भाची अक्साचा आगरदांड्याहून फोन आला. घरात लग्न आहे, भांडी घासायला काढलीत, ही पण घासू का? म्हटलं, चिंच लावलीस तर याद राख. फडक्यात गुंडाळून ठेव.

मला एकटीला जाऊन वाचता येईल. तुझ्याशिवाय वाचणार नाही.

जेट्टी माझ्या ओट्यावरून दिसते, रत्नपाल. दोन तिकिटं काढायची, पलीकडे जायचं, फुलदाणी उजेडात धरायची. एवढंच काम होतं आपलं.