धुराड्यातून आला बट्टीचा वास

भोंगा वाजला तेव्हा सोनामाय आणि तिच्या तीस बाया फाटकापासून शंभर पावलांवर होत्या. कारखान्याचे शेठ घड्याळ घेऊन उभेच होते.

"येत्या आठवडी बाजारच्या सुट्टीनंतर नियम पक्का," ते म्हणाले. "भोंग्याच्या आधी जो आला, तो हजर. बाकीच्यांच्या जागी बाहेरची टोळी आणतो."

ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. शहाद्याच्या त्या जिनात मी बॉयलरचा मिस्तरी होतो. जिन म्हणजे कपाशीतून सरकी वेगळी काढणारा कारखाना. मशिनं वाफेवर चालत, भोंगाही वाफेवर वाजे, आणि वाफ माझ्या ताब्यात. सोनामाय बायांची मुकादमीण. ऐन सीझन होता.

दुपारी ती पाणी प्यायला माझ्याकडे आली. चेहरा उतरलेला.

"भाऊ, दयन दयनं, भाकरी करनी, पोऱ्यासले जेवाडनं, मंग दोन कोस चालनं. भोंगाना पहिले कसं येवानं? उपाशी उनूत त मशिनम्होरे अंधारी येस."

ते खरंच होतं: दळण-भाकरीत वेळ जायचा, आणि उपाशी आलं तर मशिनसमोर घेरी यायची. त्याच आठवड्यात एक पोरगी चालू मशिनवर झोक जाऊन पडता पडता वाचली. रोलरला कपाशी कोणती आणि हात कोणता, हे कळत नाही.

मी म्हटलं, "सोनामाय, आठवडाना सैपाक एकदाच करी टाक ना."

"आन सरपन तुन्हा बाप दी का?"

बाप देणार नव्हता, पण बॉयलर देणार होता. आमचा बॉयलर लाकडावर चाले. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही आग काढून घेत असू. पण बॉयलरभोवती विटांचं जाड बांधकाम असतं. ते पुढचा अख्खा दिवस आणि रात्र ऊब धरून राहतं, आणि खाली गरम राखेचा ढीग. फुकटची भट्टी! कपाशीमुळे आवारात चूल पेटवायला बंदी होती. पण आम्ही कुठे पेटवणार होतो? विझलेली वापरणार होतो.

बाजारच्या दिवशी सकाळीच बाया पिठाच्या पाट्या घेऊन हजर. मका जास्त, गहू थोडा, अंगात ताकद यावी म्हणून उडदाचा भरडा, वर ओवा-हळद. गोळे वळून राखेत पुरले. मंद आचेवर बट्टी आतपर्यंत कोरडी भाजली, की सहा दिवस तिला काही होत नाही. सकाळी दोन बट्ट्या ताकात कुस्करायच्या, सोबत शेंगदाणा-लसणाची चटणी, की निघाल्या. बाया गात होत्या, एकमेकींच्या वाकड्या गोळ्यांना हसत होत्या. माझ्या बॉयलरघरात जणू लग्न निघालं होतं. मला फार बरं वाटलं.

मग वास सुटला. शेठचा बंगला भिंतीपलीकडेच. मी घाबरलो आणि डँपर उघडला. डँपर म्हणजे बॉयलर आणि धुराड्यामधली लोखंडी झडप. ती उघडली की धुराडं सगळं ओढून घेतं. वास खरंच गेला. मी स्वतःवर खूश झालो आणि झडप तशीच ठेवून घरी गेलो.

पहाटे आग पेटवली. वाफेचा दाब दाखवणारा प्रेशर गेजचा काटा हलेना. धुराड्याने वासाबरोबर विटांची ऊबही रात्रभर ओढून नेली होती, आणि गार बॉयलर वाफ धरायला फार वेळ घेतो. उजाडायच्या आत तीसही बाया पोटभर खाऊन आत येऊन बसल्या. भोंगा वाजवायला मात्र वाफ नव्हती.

साडेसात वाजून गेले तरी भोंगा नाही म्हणून शेठ तरातरा आले; रागात ते गुजरातीत बोलत. "मिस्तरी, साडासात वागी गया! भोंगा क्यां छे?"

मी सगळं कबूल केलं. दुसरं करणार काय?

"म्हणजे आज उशीर तुझा. माझा नियम ठाऊक आहे ना?"

सोनामाय पदर खोचत पुढे झाली.

"शेठ, नियम तुम्हनाच शे. भोंगाना पहिले जो उना, तो हाजर. भोंगा त आजून वाजनाच नही. मंग मिस्तरी भाऊ बी हाजर, आम्ही बी हाजर."

शेठनी घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि ते पोट धरून हसले.

"अरे, काल माझं धुराडं सगळ्या शहाद्याला बट्टीचा वास वाटत होतं! दोनदा खिडकीत येऊन उभा राहिलो. आता एक देता, की नुसता वासच?"

शेठनी तीन खाल्ल्या. बाहेरची टोळी आली नाही. दर बाजाराला राख बायांची, असं ठरलं आणि त्या सीझनला फाटकाबाहेर कोणी राहिलं नाही.

पुढे बॉयलरची आग सांभाळणाऱ्या नव्या फायरमनला मी पहिला धडा हाच देत असे: आग काढली की डँपर बंद. का, असं त्याने विचारलं, की सोनामायकडे पाठवत असे. ती आधी बट्टी द्यायची, मग माझी फजिती सांगायची.